विश्लेषण : मुंबई-दिल्लीची मक्तेदारी हाती असूनही ‘एमटीएनएल’ कर्जबाजारी कशी झाली?

देशातील सर्वात श्रीमंत दोन शहरे, तिथले लाखो हक्काचे ग्राहक, स्पर्धक शून्य आणि मालक खुद्द केंद्र सरकार. एखाद्या कंपनीला याहून चांगली सुरुवात मिळणे कठीण. तरीही ‘महानगर टेलिफोन निगम लिमिटेड’ अर्थात ‘एमटीएनएल’ने एप्रिल २०२५ मध्ये शेअर बाजारांना दिलेल्या माहितीत सात सरकारी बँकांची ८,३४६ कोटी रुपयांची देणी थकल्याची कबुली दिली. ज्या कंपनीचा फोन मिळावा म्हणून मुंबईकर वर्षानुवर्षे रांगेत उभे राहिले, ती कर्जावरील व्याजही भरू शकत नाही, हे घडले कसे? त्यासाठी केवळ ‘सरकारी कारभार’ हे उत्तर पुरेसे आहे का?

सद्य:स्थिती काय?

एप्रिल २०२५ च्या त्या माहितीनुसार ‘एमटीएनएल’वरील एकूण कर्ज ३३,५६८ कोटी रुपये होते. त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग बँकांच्या ८,३४६ कोटींचा. त्यात युनियन बँक ऑफ इंडियाचा वाटा सर्वात मोठा म्हणजे ३,६०० कोटींहून अधिक. त्याखालोखाल इंडियन ओव्हरसीज बँक आणि बँक ऑफ इंडिया यांचा क्रमांक लागतो. दुसरा भाग २४,०७१ कोटींच्या रोख्यांचा. या रोख्यांना केंद्र सरकारची हमी आहे. तिसरा भाग १,१५१ कोटींचा. ही रक्कम दूरसंचार विभागाने कंपनीला कर्जाऊ दिली ती रोख्यांवरील व्याज भरता यावे म्हणून. थोडक्यात, कर्जावरचे व्याज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज, अशी अवस्था आहे.

कंपनीचा वार्षिक महसूल आता हजार कोटींच्या आत आला आहे आणि वार्षिक तोटा तीन हजार कोटींच्या वर. व्याजाचा बोजाच महसुलाच्या दुपटीहून अधिक आहे. उद्या कंपनीने सगळे कर्मचारी घरी बसवले, विजेचे बिल शून्यावर आणले, तरीही हा हिशेब जुळणार नाही. २०२५ च्या सुरुवातीपासून मुंबई आणि दिल्लीतील सेवा चालवण्याचे काम करारान्वये ‘भारत संचार निगम’कडे म्हणजे ‘बीएसएनएल’कडे गेले आहे. ‘एमटीएनएल’ उरली आहे ती मुख्यत्वे कर्ज आणि जमिनींची मालक म्हणून.

टेलिफोन सरकारकडे आला कसा?

भारतात टेलिफोन आला तो खासगी कंपनीमार्फत. २८ जानेवारी १८८२ रोजी ओरिएंटल टेलिफोन कंपनीची केंद्रे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांत सुरू झाली. पुढे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तार आणि टेलिफोन यांवर सरकारचा एकाधिकार प्रस्थापित केला. सरकार परवाने देत असे आणि कंपन्या सेवा देत. दुसरे महायुद्ध सुरू असताना, १९४३ मध्ये सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टेलिफोन यंत्रणा विकत घेतल्या. तिथून टेलिफोन हा ‘पोस्ट अ‍ॅण्ड टेलिग्राफ’ खात्याचा विषय झाला.

स्वातंत्र्याच्या वेळी देशभरात फोन होते साधारण ८० हजार. नियोजनाच्या पहिल्या दशकांत पोलाद, वीज, धरणे यांना प्राधान्य मिळाले. टेलिफोन ही चैनीची वस्तू मानली गेली आणि गुंतवणूक जेमतेमच झाली. बंगळूरुला १९४८ मध्ये ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ उभी राहिली. साठच्या दशकात तिथे बेल्जियन कंपनीच्या परवान्याने ‘क्रॉसबार’ पद्धतीची एक्स्चेंज तयार होऊ लागली. मात्र फोन घरोघरी असलेल्या, त्यामुळे प्रत्येक फोनचा वापर बेताचा असलेल्या देशांसाठी ती बनवलेली होती. भारतात एका फोनवर अख्खी चाळ बोलत असे. परिणामी यंत्रणेवर ताण यायचा, ‘क्रॉस कनेक्शन’ व्हायचे, फोन ‘डेड’ व्हायचे. नंबर लावायचा दादरचा आणि लागायचा कुर्ल्याला, हा त्या काळातला नेहमीचा विनोद या यंत्रणेतून जन्मला होता.

लखनऊ आणि कानपूर यांच्यात १९६० मध्ये ‘एसटीडी’ सुरू झाली खरी, पण बहुतेक गावांसाठी पुढची कित्येक वर्षे ‘ट्रंक कॉल’ हाच मार्ग राहिला. १८० वर नोंदणी करायची, ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ की ‘लायटनिंग’ ते सांगायचे आणि फोनशेजारी बसून राहायचे. शेजाऱ्याच्या फोनचा क्रमांक आपल्या पत्त्याखाली ‘पीपी’ म्हणून देणे ही रीतच होती. १९९१ मध्येही देशात फोन होते सुमारे ५० लाख आणि प्रतीक्षा यादीत नावे होती सुमारे २० लाख. मुलाच्या जन्मानंतर फोनसाठी अर्ज करावा आणि तो कॉलेजात जाईस्तोवर फोन यावा, अशी थट्टा उगीच होत नव्हती.

‘एमटीएनएल’ची स्थापना का झाली?

ऐंशीच्या दशकात हे चित्र बदलू लागले. १९८१ साली सरीन समितीने दूरसंचारातील गुंतवणूक आणि कारभार यांबाबत शिफारशी केल्या. १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांच्या नेतृत्वाखाली तिने भारतीय हवामानात, वातानुकूलनाशिवाय चालणारी लहान डिजिटल एक्स्चेंज विकसित केली. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. पाठोपाठ १ एप्रिल १९८६ पासून दोन सरकारी कंपन्या कामाला लागल्या. परदेशी संपर्कासाठी ‘विदेश संचार निगम’ (व्हीएसएनएल) आणि मुंबई, दिल्लीच्या टेलिफोनसाठी ‘एमटीएनएल’. मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबई तिच्या कार्यक्षेत्रात आली. कलकत्ता आणि मद्रास ही महानगरे मात्र दूरसंचार विभागाकडेच राहिली, तशीच बाकी देशाचीही सेवा.

या विभाजनामागे दोन हेतू होते. एक, खात्याच्या लालफितीतून सुटका करून व्यावसायिक पद्धतीने काम करणे. दुसरा, सरकारी तिजोरीवर अवलंबून न राहता रोख्यांद्वारे बाजारातून पैसा उभारणे. सरकारी खात्याला रोखे काढता येत नाहीत, कंपनीला येतात. शिवाय ही दोन शहरे इतकी कमाई करणारी होती, की गुंतवणूकदार मिळण्याची चिंता नव्हती.

पण कंपनी झाली तरी खाते पूर्ण सुटले नाही. संचालक सरकार नेमत असे. कर्मचारी कागदोपत्री दूरसंचार विभागाचेच होते. ‘क’ आणि ‘ड’ गटातील कर्मचारी कंपनीत सामावून घेण्याचा निर्णय अमलात आला तो थेट नोव्हेंबर १९९८ पासून, म्हणजे कंपनी स्थापन होऊन १२ वर्षांनी. खात्याकडून आलेल्या जमिनी आणि इमारतींची मालकी कंपनीच्या नावावर रीतसर चढवण्याचे कामही पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. आखलेली हद्द मात्र पक्की होती. तार जिथवर जाते तिथवर कंपनी. तारेच्या फोनसाठी ही विभागणी सोयीची होती. तीच पुढे गळफास ठरणार होती.

सुवर्णकाळ कोणता?

स्थापनेनंतरच्या दीड दशकात ‘एमटीएनएल’ने केलेले काम नाकारता येणार नाही. जुनी यांत्रिक एक्स्चेंज जाऊन डिजिटल आली. प्रतीक्षा यादी आधी घटली, मग संपली. २००० च्या आसपास दोन्ही शहरांत मिळून ४० लाखांहून अधिक लँडलाइन होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पिवळ्या पाट्यांच्या ‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’ बूथनी अनेकांना रोजगार दिला आणि त्यांत अपंग व्यक्तींची संख्या लक्षणीय होती. १९८, १९७ हे क्रमांक मुंबईकरांना पाठ होते. पहिला तक्रारीचा, दुसरा चौकशीचा. पावसाळा आला की केबलमध्ये पाणी शिरायचे, फोन बंद पडायचे आणि लाइनमनची मनधरणी करावी लागायची, हेही तितकेच खरे. मक्तेदारीतील ग्राहकाला दुसरे दार नसते. त्या काळात साठलेली नाराजी पुढे पर्याय मिळताच बाहेर पडली.

ताळेबंद मात्र तगडा होता. १९९७ मध्ये ‘नवरत्न’ दर्जा मिळाला. २००१ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात कंपनीच्या समभागांची नोंदणी झाली. वर्षाकाठी हजार कोटींहून अधिक नफा आणि सरकारला उदार लाभांश हे समीकरण झाले होते. मॉरिशस आणि नेपाळमध्येही कंपनीने पाय रोवण्याचा प्रयत्न केला. २००५ मध्ये ‘ट्राय बँड’ नावाने ब्रॉडबँड आले आणि अनेक मुंबईकरांच्या घरी खऱ्या अर्थाने वेगवान इंटरनेट पोहोचले ते त्याच जुन्या तांब्याच्या तारेतून.

मोबाइलची संधी कशी हुकली?

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तत्कालीन दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला फोन हा देशातील पहिला मोबाइल कॉल मानला जातो. महानगरांत प्रत्येकी दोन खासगी कंपन्यांना परवाने मिळाले होते. मुंबईत ‘बीपीएल मोबाइल’ आणि ‘मॅक्स टच’ यांनी सेवा सुरू केली. त्या वेळी बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. शहरातील फोनचे सर्वात मोठे जाळे, केंद्रांसाठी इमारती आणि प्रशिक्षित अभियंते असलेली ‘एमटीएनएल’ या शर्यतीत नव्हतीच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने मोबाइल सेवेची तयारी केली, तेव्हा खासगी कंपन्यांनी आक्षेप घेतला आणि वाद दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) व दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने सरकारी कंपन्यांना तिसरा परवानाधारक म्हणून वाट मोकळी केली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये ‘डॉल्फिन’ ही सेवा सुरू झाली. तोवर साडेपाच वर्षे उलटली होती आणि भरघोस बिल भरणारा ग्राहक खासगी कंपन्यांकडे गेला होता.

तरीही सरकारी कंपन्यांच्या आगमनाने एक मोठी गोष्ट केली. दर खाली आले. २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. १ मार्च २००६ रोजी ‘बीएसएनएल’ आणि ‘एमटीएनएल’ने ‘वन इंडिया’ योजना आणली आणि देशात कुठेही एक रुपयात एक मिनिट बोलणे शक्य झाले. खासगी कंपन्यांना त्यामागे जावे लागले.

पण इथेच १९८६ ची ती हद्द आड आली. खासगी कंपन्या एकेक परिमंडळ जोडत देशभर पसरत होत्या. ‘एमटीएनएल’ला दोन शहरांबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. मुंबईकर माणूस गणपतीला कोकणात जातो, सुट्टीला साताऱ्याला जातो, कामानिमित्त पुण्याला जातो. ‘डॉल्फिन’चा ग्राहक खाडी ओलांडून थोडा पुढे गेला की परक्या जाळ्यात, ‘रोमिंग’मध्ये शिरत असे. लँडलाइन गावी नेता येत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न नव्हता. मोबाइल खिशातून गावी जातो. फोन सुटा झाला, पण कंपनी तारेलाच बांधलेली राहिली.

‘बीएसएनएल’ची गोष्ट वेगळी कशी?

दूरसंचार विभागाकडे उरलेल्या सेवेची १ ऑक्टोबर २००० रोजी ‘बीएसएनएल’ झाली. डोंगरदऱ्या, सीमाभाग, बेटे, नक्षलग्रस्त जिल्हे, जिथे फोन तोट्याचा तिथे ती पोहोचली. ऑक्टोबर २००२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते तिची मोबाइल सेवा लखनऊतून सुरू झाली. २००४-०५ मध्ये तिचा नफा १० हजार कोटींच्या पुढे गेला होता.

घसरण इथेही झाली, पण निराळ्या कारणाने. २००६ मध्ये साडेचार कोटी मोबाइल जोडण्यांची यंत्रसामग्री घेण्याची निविदा निघाली. ती वादात सापडली, न्यायालयात गेली आणि अखेर निम्म्यावर आली. त्यानंतरची ९ कोटी ३० लाख जोडण्यांची त्याहून मोठी निविदा २०१० मध्ये रद्दच झाली. देशात दरमहा लाखोंनी नवे मोबाइल ग्राहक वाढत असताना सरकारी कंपनीकडे त्यांना द्यायला क्षमता नव्हती. खासगी कंपनीचे संचालक मंडळ एका बैठकीत जो निर्णय घेते, त्यासाठी इथे मंत्रालय, दक्षता आयोग, न्यायालय असा प्रवास होत होता. २००९-१० मध्ये ‘बीएसएनएल’ला १,८२३ कोटींचा पहिला तोटा झाला.

२०१० चा स्पेक्ट्रम व्यवहार निर्णायक का ठरला?

‘एमटीएनएल’च्या आजच्या कर्जाचे मूळ इथे आहे. डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत देशातील पहिली ‘थ्री-जी’ सेवा ‘एमटीएनएल’ने सुरू केली. सरकारी कंपन्यांना हा स्पेक्ट्रम लिलावाआधीच मिळाला होता. अट अशी, की पुढे लिलावात जी किंमत ठरेल ती त्यांनीही भरायची. २०१० च्या लिलावात खासगी कंपन्यांनी अक्षरश: बोलींचा पाऊस पाडला. देशभराच्या थ्री-जी स्पेक्ट्रमच्या एका संचाची किंमत १६,७५१ कोटींवर गेली. त्यात एकट्या दिल्लीचे ३,३१७ कोटी आणि मुंबईचे ३,२४७ कोटी. २२ परिमंडळांपैकी या दोनच शहरांचा वाटा साधारण ४० टक्के.

म्हणजे ‘एमटीएनएल’च्या वाट्याला आलेले बिल होते ६,५६४ कोटी. ब्रॉडबँड वायरलेस स्पेक्ट्रमचे आणखी ४,५३४ कोटी मिळून आकडा ११ हजार कोटींवर पोहोचला. श्रीमंत शहरे हाती असल्याचा एके काळचा फायदा असा उलटला. खासगी कंपनी बोली लावायची की नाही, कुठवर जायचे, कुठल्या शहरात माघार घ्यायची हे ठरवू शकत होती. ‘एमटीएनएल’ला बोली लावायची नव्हती, नुसते पैसे भरायचे होते. आधीच्या वर्षांत साठवलेली गंगाजळी त्यात गेली आणि उरलेल्यासाठी बँकांचे कर्ज काढावे लागले.

२००८-०९ पर्यंत नफ्यात असलेल्या कंपनीने २००९-१० मध्ये २,६११ कोटींचा तोटा नोंदवला. त्यानंतर व्याजाचे चक्र थांबले नाही. वायरलेस ब्रॉडबँडचा स्पेक्ट्रम पुढे परत करण्यात आला आणि त्या रकमेची भरपाई रोख्यांच्या मार्गाने झाली. पण तोवर नवे टॉवर, नवी यंत्रणा, फायबर यांत पैसा घालण्याची वेळ निघून गेली होती. वापरासाठी घेतलेल्या स्पेक्ट्रमने वापर करण्याची ऐपतच संपवली.

यात एक विरोधाभास ठळक आहे. पैसे भरणारी कंपनी सरकारची आणि घेणारेही सरकारच. त्या वर्षी स्पेक्ट्रमच्या उत्पन्नाने सरकारची वित्तीय तूट आटोक्यात आली. त्यातला एक हिस्सा सरकारने आपल्याच कंपनीला कर्ज काढायला लावून मिळवला होता. आज त्याच कर्जापोटी काढलेल्या रोख्यांची हमी सरकारच्या गळ्यात आहे.

कर्मचाऱ्यांचा भार हे खरे कारण की सबब?

दोन्ही. २००० च्या सुमारास ‘एमटीएनएल’मध्ये सुमारे ६० हजार कर्मचारी होते. २०१९ मध्ये सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार ‘एमटीएनएल’च्या महसुलातील ८७ टक्के आणि ‘बीएसएनएल’च्या महसुलातील ७५ टक्के रक्कम वेतनावर खर्च होत होती. खासगी कंपन्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. तारा जोडणारे, खांबावर चढणारे, ट्रंक एक्स्चेंजवर बसणारे हात ज्या तंत्रज्ञानासाठी भरती झाले ते तंत्रज्ञानच उरले नव्हते. पण हे प्रमाण फुगले ते पगार वाढल्यामुळे जितके, तितकेच महसूल आटल्यामुळेही.

सप्टेंबर २०१६ मध्ये ‘रिलायन्स जिओ’ने मोफत कॉल आणि स्वस्त डेटा आणल्यावर तर उरलीसुरली खासगी कंपन्यांचीही पडझड झाली. ‘फोर-जी’ नसलेल्या सरकारी कंपन्यांची अवस्था आणखी बिकट झाली. वेतन वेळेवर न होण्याचे प्रसंग आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७० हजार कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती आणली. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ‘बीएसएनएल’चे ७८ हजारांहून अधिक आणि ‘एमटीएनएल’चे १४ हजारांहून अधिक कर्मचारी निवृत्त झाले. मुंबईतील अनेक टेलिफोन केंद्रांत दुसऱ्या दिवशी मजलेच्या मजले रिकामे होते. वेतनखर्च घटला. कर्ज मात्र जिथल्या तिथेच राहिले, कारण ते वेतनामुळे एवढे झालेच नव्हते.

‘बीएसएनएल’ सावरते, मग ‘एमटीएनएल’ का नाही?

२०१९ पाठोपाठ जुलै २०२२ मध्ये १ लाख ६४ हजार कोटींची आणि जून २०२३ मध्ये ८९ हजार कोटींची अशा आणखी दोन योजना आल्या. यातील मोठा भाग रोख मदतीचा नसून स्पेक्ट्रमच्या वाटपाचा आणि जुन्या देण्यांचे भांडवलात रूपांतर करण्याचा होता. चिनी यंत्रसामग्री टाळण्याच्या निर्णयामुळे २०२० मधील ‘फोर-जी’ निविदा रद्द झाली आणि ‘टीसीएस’, ‘तेजस नेटवर्क्स’ व ‘सी-डॉट’ यांच्या देशी यंत्रणेवर भर देण्यात आला. त्यात आणखी वर्षे गेली. अखेर २७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ओडिशातील झारसुगुडा येथून ‘बीएसएनएल’च्या देशी फोर-जी जाळ्याचे लोकार्पण केले. खासगी कंपन्या तोवर ‘फाइव्ह-जी’ देऊ लागल्या होत्या. तरी २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत ‘बीएसएनएल’ला २६२ कोटींचा नफा झाला. १७ वर्षांतील हा पहिला तिमाही नफा.

‘एमटीएनएल’ला या योजनांचा तसा लाभ झाला नाही. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाला तत्त्वत: मंजुरी मिळाली होती. पण ‘एमटीएनएल’चे कर्ज अंगावर घेतल्यास सावरू लागलेली ‘बीएसएनएल’ही बुडेल, या भीतीने ते लांबणीवर पडले. शिवाय ‘बीएसएनएल’ पूर्ण सरकारी आहे, तर ‘एमटीएनएल’ सूचिबद्ध. तिच्यात सरकारचा हिस्सा ५६.२५ टक्के, उरलेला एलआयसीसह इतर भागधारकांचा. त्यामुळे कामकाज एकीकडे आणि कर्ज दुसरीकडे, असा मधला मार्ग काढण्यात आला.

मालमत्ता विकून कर्ज फिटेल?

मुंबईत कंपनीकडे मोक्याच्या जागा आहेत. टेलिफोन केंद्रांच्या इमारती, कर्मचारी वसाहती, मनोऱ्यांचे भूखंड. गोरेगावच्या वसारी हिल येथील मालमत्ता आणि ओशिवऱ्यातील सदनिका यापूर्वी लिलावासाठी काढण्यात आल्या. पण विक्री सोपी नाही. अनेक जागा टेलिफोन केंद्रासाठीच म्हणून मिळालेल्या आहेत, त्यांचा वापर बदलायचा तर राज्य सरकार आणि महापालिकेच्या परवानग्या लागतात. मालकीची कागदपत्रे जुन्या खात्याच्या नावावर असण्याचा प्रश्न आहेच. आणि विक्री जितकी लांबेल, तितके व्याज चढत जाते.

देणी कोणाच्या खिशातून जाणार, याचे उत्तरही स्पष्ट आहे. रोखे सरकारी हमीचे, म्हणजे भार करदात्यावर. थकीत कर्ज सरकारी बँकांचे, म्हणजे तोशीस ठेवीदार आणि पुन्हा करदात्यालाच. समभाग पडले तर झळ लहान गुंतवणूकदारांना.

सरकारी दूरसंचार कंपनीची गरज उरली आहे का?

‘एमटीएनएल’सोबत जन्मलेली ‘व्हीएसएनएल’ २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेली आणि आज ‘टाटा कम्युनिकेशन्स’ या नावाने उभी आहे. त्यामुळे खासगीकरण हाच उपाय होता, असा युक्तिवाद केला जातो. दुसरी बाजूही आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही बड्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा त्या एका महिन्यात ‘बीएसएनएल’कडे सुमारे २९ लाख आणि पुढच्या महिन्यात सुमारे २५ लाख ग्राहकांची भर पडली. हे ग्राहक टिकले नाहीत, कारण सेवा तितकी चांगली नव्हती. पण चौथा पर्याय हाताशी असण्याला किंमत आहे, हे त्यातून दिसले. एके काळी १० हून अधिक कंपन्यांची स्पर्धा असलेल्या बाजारात आता जेमतेम दोन कंपन्या भक्कम उरल्या आहेत.

मक्तेदारी संपली तेव्हा ‘एमटीएनएल’ला कंपनीसारखे लढायला सांगितले गेले. पण कुठे लढायचे, कधी उतरायचे, यंत्रे कोणाकडून घ्यायची आणि स्पेक्ट्रमला किती मोजायचे हे सारे मालकाने ठरवले. नफ्याच्या वर्षांत मालकाने लाभांश घेतला, लिलावाच्या वर्षी किंमत वसूल केली आणि तोट्याच्या वर्षांत कार्यक्षमतेचे धडे दिले. कामचुकारपणा, लाचखोरी, ग्राहकाकडे पाठ फिरवण्याची वृत्ती हे दोष होतेच. मात्र ३३ हजार कोटींचे कर्ज लाइनमनच्या आळसातून उभे राहत नाही. आता सरकारी कंपनी म्हणून ‘बीएसएनएल’ टिकवायची असेल, तर तिच्या मालकाला आपलेच जुने हिशेब आधी तपासावे लागतील. मुंबईतील बंद टेलिफोन केंद्रांच्या जागी उद्या उंच मनोरे उभे राहतील, त्यांच्या विक्रीतून काही कर्जही फिटेल. पण त्याच चुका ‘बीएसएनएल’च्या वाट्याला आल्या, तर तिच्यापाठी घेण्यासारखी तिसरी सरकारी कंपनी शिल्लक नाही.